जुन्या गाडीत मोठं इंजिन आणि आरटीओची मंजुरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरचा. घरात वडिलांनी घेतलेली १९७४ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे आणि ती अजून रस्त्यावर आहे. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांशी रोज बोलणं होतं आणि त्यात हा विषय हमखास निघतो : घाटात गाडी ओढत नाही, मोठं इंजिन टाकायचंय, कागदपत्रांचं काय? तेच ते प्रश्न आणि त्यांची मला माहीत असलेली उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. उत्तरं महाराष्ट्रातल्या खासगी गाड्या डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत. मूळ कायदा मात्र देशभर एकच आहे.

सरळ सांगा, मोठं इंजिन बसवलं तर आरटीओ पास करतं का?

बहुतेक वेळा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की, आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. आरसीवर इंजिन नंबर, सिलिंडर किती, सीसी (म्हणजे इंजिनाचं आकारमान) किती, इंधन कोणतं, हे सगळं लिहिलेलं असतं. १०८९ सीसीच्या गाडीत १८०० सीसीचं इंजिन आलं की ह्यातल्या निदान दोन रकान्यांत कंपनीचा आकडा राहत नाही. तिथेच अर्ज थांबतो.

त्यामुळे ‘मंजुरी कशी मिळवायची’ ह्याआधी ‘माझ्या मनात आहे तो बदल मंजुरीच्या कक्षेत तरी येतो का’ हे बघावं लागतं. काही बदल येतात. ते पुढे सांगतो.

पण आमच्या ओळखीत एका जीपला मॅटाडोरचं डिझेल इंजिन आहे आणि आरसीवर तशी नोंदही आहे. ती कशी झाली?

ती नोंद किती सालची आहे ते बघा. १९८८ चा कायदा आला तेव्हा कलम ५२ वेगळं होतं. आरटीओला आधी कळवा, त्यांची मंजुरी घ्या आणि फेरफार करा, असा सरळ रस्ता होता. पेट्रोल महागलं तशा आपल्याकडच्या कित्येक पेट्रोल जीप आणि अँबेसेडर त्या काळात डिझेलवर गेल्या. ऊसपट्ट्यात तर पेट्रोलवर राहिलेली जीप शोधावी लागायची. त्यांच्या नोंदी त्या वेळच्या कायद्याने झाल्या आहेत.

२००० साली कलम ५२ बदललं आणि ‘कंपनीने मुळात ठरवलेला तपशील’ ही कसोटी आली. तरी पुढची बरीच वर्षं राज्याराज्यांत अर्थ वेगवेगळा लावला जायचा. केरळमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ९ जानेवारी २०१९ ला न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने निकाल दिला : कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही, आणि राज्याचे नियमही कलम ५२ च्या विरोधात जाऊ शकत नाहीत. म्हणून १९९३ ची नोंद दाखवून ‘त्यांचं झालं, माझंही करा’ म्हटलं तर आज उपयोग होत नाही. त्यांची नोंद खरी आहे आणि तुम्हाला मिळणारा नकारही कायद्याला धरूनच आहे.

माझ्या मॉडेलमध्ये कंपनीनेच पुढे मोठं इंजिन दिलं होतं. मग?

सगळ्यात जास्त अभ्यास करण्यासारखा प्रश्न हाच.

आपल्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षं त्याच बॉडीवर निघत राहिल्या, आत इंजिनं मात्र बदलत गेली. अँबेसेडर बराच काळ १४८९ सीसीवर चालली, मग नव्वदच्या दशकात तिला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन मिळालं. जिप्सी आधी ९७० सीसीची होती, १९९६ ला जिप्सी किंग आली ती १२९८ सीसीची. पद्मिनीला पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं, पण १३६६ सीसीची डिझेल पद्मिनीही कंपनीने विकली.

मालकाचा युक्तिवाद असा असतो की इंजिन कंपनीचं, गाडी कंपनीची, जोडीही कंपनीनेच लावलेली, मग तपशील परका कुठे झाला? ह्या बोलण्यात तथ्य आहे आणि अर्ज करायचाच असेल तर ह्याच मुद्द्यावर करावा. पण दुसरी बाजूही नीट समजून घ्या. तुमची १९७८ ची अँबेसेडर कारखान्यातून बाहेर पडली ती १४८९ सीसीची म्हणून. १८०० ची अँबेसेडर हे कंपनीचं वेगळं मॉडेल आहे, त्याची मंजुरी वेगळी. मोठ्या इंजिनाबरोबर कंपनीने गिअरबॉक्सही बदलला होता. निरीक्षक तुमच्या आरसीवरचं मॉडेल बघणार आणि त्या मॉडेलचा तपशील विचारणार.

म्हणून नुसतं तोंडी विचारू नका. कंपनीचं त्या काळचं माहितीपत्रक, मालकाला मिळणारं हँडबुक, पार्ट कॅटलॉगमधलं इंजिनाचं पान असं हाताशी ठेवून लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी मागा. नकार आला तरी तो कागदावर असावा. होकार आला आणि तो लेखी नसेल, तर तो नाहीच असं धरून चाला.

इंजिन आधी घ्यावं की परवानगी आधी?

परवानगी. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पद्मिनीवाल्यांना प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीच्या इंजिनाचा मोह पडतोच. निसानचं ए१२ इंजिन, ११७१ सीसी, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम ८२ सीसी जास्त. पण हलकं, गोड चालणारं आणि प्रीमियरनेच स्वतःच्या गाडीत वापरलेलं. मला वाटलं, कंपनी तीच आहे तर अडचण काय येणार? मुंबईहून गिअरबॉक्ससकट इंजिन घेतलं, टेम्पोत घालून कोल्हापूरला आणलं आणि मगच अर्ज घेऊन गेलो. निरीक्षकांनी आरसी उघडली, सीसीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, “पद्मिनीला हे इंजिन कंपनीने दिलं होतं, असं दाखवणारा कागद आहे?” नव्हता. असणारच नव्हता, कारण ११८ एनई ही वेगळी गाडी आहे.

ते इंजिन शेडमध्ये दोन पावसाळे पडून राहिलं. फ्लायव्हीलच्या दात्यांवर गंज चढला, तोंडात कोंबलेली चिंधी कुजली. शेवटी निम्म्याहून कमी किमतीत द्यावं लागलं. निरीक्षकांनी मला काही चुकीचं सांगितलं नव्हतं. मी विचारायलाच उशीर केला.

तर मग कोणता बदल रीतसर होतो?

त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन. ब्लॉक फुटला, क्रँक गेला, आता ह्या इंजिनात काही राम उरला नाही, अशा वेळी पद्मिनीचंच दुसरं १०८९ सीसीचं इंजिन बसवता येतं. आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलतो, बाकी तपशील तोच राहतो.

तुम्ही जिथे राहता त्या हद्दीच्या आरटीओकडे वाहनातील फेरफाराचा अर्ज करायचा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती. जुन्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट लावलेली नसेल तर ती आधी लावून घ्या, नाहीतर त्यावरून काम अडतं.

खरी परीक्षा असते ती नव्या इंजिनाच्या कागदांची. नवा ब्लॉक असेल तर नंबर लिहिलेलं पक्कं बिल लागतं. जुन्या गाडीतून काढलेलं इंजिन असेल तर त्या गाडीच्या आरसीची प्रत, मालकाने विकल्याचा कागद आणि गाडी मोडीत गेली असल्यास तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवा. तो इंजिन नंबर चोरीच्या गाडीचा नाही ना, हेही तपासलं जातं. भंगार बाजारात इंजिन स्वस्त मिळतं, पण त्याच्याबरोबर ह्यातलं काही मिळत नसेल तर ते स्वस्त नाही.

परवानगी मिळाली की इंजिन बसवा आणि गाडी तपासणीला न्या. जाण्यापूर्वी नंबरची जागा रॉकेलने स्वच्छ करा. पन्नास वर्षांचं तेल आणि रंग त्या खोबणीत बसलेला असतो. वायर ब्रश हळू फिरवा, ग्राइंडर अजिबात लावू नका. मग वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात. निरीक्षक हीच पेन्सिल प्रिंट घेतात आणि एक आकडा जरी पुसट आला तरी संशय येतो. आधी घरी एक प्रिंट काढून बघा.

मंजुरीशिवाय बदल झालाच असेल तर १४ दिवसांच्या आत कळवावं, असं कलम ५२(३) सांगतं. बाहेरगावी गाडी बंद पडली, इंजिन बदलणं भागच पडलं, अशा प्रसंगी हे उपयोगी पडतं. ह्या कलमाच्या जोरावर मोठं इंजिन मात्र नियमित होत नाही.

कलम ५२(२) मध्ये परवानगीशिवाय इंजिन बदलता येतं असं लिहिलंय ना?

ते किमान दहा वाहतूक वाहनं असलेल्या मालकांसाठी आहे. राज्य सरकारने तसा अधिकार दिलेला असला पाहिजे आणि इंजिनही त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं हवं. घरच्या एका गाडीला हे लागू नाही.

रीबोअर केल्यावर सीसी वाढतंच की. मग त्यालाही मंजुरी हवी का?

चांगला प्रश्न, आणि ह्याचं उत्तर मला मनापासून आवडतं.

पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. सिलिंडर घासला की त्याला चाळीस थाऊ, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर मोठा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले तर हिशेब साधारण ११२२ सीसीपर्यंत जातो. पण ही दुरुस्ती आहे. इंजिन तेच, नंबर तोच, आणि झिजेसाठी मोठ्या मापाचे पिस्टन मिळणं ही त्या काळच्या प्रत्येक इंजिनाची रीतच होती. त्यासाठी कोणी आरसी बदलत नाही.

आणि म्हणूनच मोठ्या इंजिनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे विचारतो : तुमचं आहे ते इंजिन शेवटचं कधी उघडलं होतं? ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा झिजलेल्या इंजिनाची असते. आमच्या शिवाजी उद्यमनगरात मी पद्मिनीचं इंजिनकाम करून घेतलं. बोअर, नवे पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह आणि सीट, कार्बोरेटर नव्याने बसवला, रेडिएटर उघडून आतून साफ केला. बोअर झाल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या फुल्याफुल्यांच्या रेघा दिसत होत्या, त्यावरून बोट फिरवल्यावर तेलाचा पातळ थर लागत होता. ती गाडी आज आंबा घाट न तापता चढते. दुसऱ्या गिअरवर चढते, पण चढते. कारखान्यातून निघताना ती अशीच होती. मधल्या वर्षांत मीच ते विसरलो होतो.

नियम इतका कडक का? थोडी ताकद वाढली तर बिघडतं काय?

गाडी थांबवावी लागते, ते बिघडतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाच्या हिशेबाने दिलेले आहेत. दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं की क्लच, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, पुढचा क्रॉस मेंबर, स्प्रिंगा, सगळ्यांवर ताण येतो. जड डिझेल इंजिन घातलेल्या जुन्या गाड्यांच्या माउंटिंगजवळ वेल्डिंगची ठिगळं दिसतात, ती ह्याचीच. कंपनी हे सगळं एकत्र तपासून विकते. गॅरेजमध्ये ते कोण तपासणार?

एजंट म्हणतो, नंबर पंच करून देतो, कुणाला कळणार नाही.

त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. दुसऱ्या ब्लॉकवर आपल्या आरसीचा नंबर कोरणं हा गुन्हा आहे आणि तो तुमच्या नावावर लागतो, एजंटच्या नाही. लपतही नाही. जुना नंबर घासल्यावर राहिलेला खड्डा, आकड्यांचं वळण, ओळीची सरळ रेघ, निरीक्षकाच्या नजरेला हे लगेच दिसतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावीच लागते. एकदा निसटलात तरी पुढची खेप आहेच.

मंजुरी न घेता चालवली तर काय होतं?

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण मला काळजी वाटते ती विम्याची. पॉलिसी आरसीवरच्या गाडीची असते. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो : २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये. १४८९ च्या अँबेसेडरमध्ये १८१७ चं इंजिन आलं तर तुम्ही खालच्या टप्प्याचा हप्ता भरून वरच्या टप्प्याची गाडी चालवताय. अपघात झाला, समोरच्या घरातलं माणूस गेलं किंवा जन्माचं जायबंदी झालं, तर विमा कंपनी सर्वेअर पाठवते आणि तो पहिल्यांदा बॉनेट उघडतो. पुढे भरपाईचा वाद तुमच्या खिशापर्यंत येतो, आणि त्या घरालाही पैशांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात थांबावं लागतं.

माझी गाडी पन्नास वर्षांची झाली. व्हिंटेज म्हणून नोंदवल्यावर सूट मिळते का?

नेमकं उलट होतं. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन ह्यांत मोठा बदल न झालेली, अशी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला आणि धंद्याला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढायची. थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सवलत मिळते.

म्हणजे १९७४ च्या पद्मिनीत आज परकं इंजिन घातलं तर हा दरवाजा बंद होतो. ज्यांची गाडी पन्नाशीच्या जवळ आली आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : मूळ इंजिन विकू नका. बंद पडलेलं असलं तरी तेल घालून, तोंडं बंद करून, लाकडी पाटावर ठेवून द्या.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक करायचं असेल तर?

इथे कायदा स्वतः वाट देतो. इंधन बदलण्यासाठी मंजूर किट बसवायला कलम ५२ मध्ये वेगळी तरतूद आहे. किट मात्र तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि अधिकृत केंद्रानेच बसवलेलं हवं. आपल्या पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. इलेक्ट्रिकसाठी एआयएस-१२३ हे मानक लागू आहे. जुन्या मॉडेलसाठी असं मंजूर किट आहे का, हे विक्रेत्याकडून मंजुरीपत्राच्या प्रतीसह विचारा. ‘आम्ही करून देतो’ एवढ्यावर आगाऊ रक्कम देऊ नका.

पीयूसी पास झाली म्हणजे इंजिन कायदेशीर झालं का?

नाही. पीयूसी फक्त धूर मोजते. बीएस-२ ह्या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. इंजिन कुणाचं आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

आरसीवर सीसीच चुकीचं आहे. त्याचा फायदा घेता येईल?

जुनी हस्तलिखित आरसी बुकं संगणकावर चढवताना अशा चुका झाल्या आहेत. सीसीचा रकाना रिकामा असतो किंवा भलताच आकडा असतो. मूळ आरसी बुक आणि कंपनीचं हँडबुक दाखवून ती दुरुस्त करून घ्या. चुकीच्या आकड्यावर मोठं इंजिन बसवलंत तर कंपनीचा मूळ तपशील काही बदलत नाही, आणि आपलं वागणं हेतुपुरस्सर होतं असा अर्थ निघतो.

माझा भाऊ इंग्लंडमध्ये आहे. तो म्हणतो तिकडे हे सहज होतं.

तिकडे वाट मोकळी आहे हे खरं. सीसी बदललं की डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या वाहन नोंदणी कार्यालयाला कळवायचं, इंजिनाची पावती किंवा कंपनीचं पत्र असा पुरावा जोडायचा, विमा कंपनीला सांगायचं. ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, पण गाडीत मूलभूत बदल झाला असेल तर ती सूट जाते. त्याच इंजिनाचं वेगळं सीसी किंवा कंपनीने पर्याय म्हणून दिलेलं इंजिन त्यांच्याकडे मूलभूत बदल धरत नाहीत. आपल्याकडेही ही एक ओळ नियमात यावी, असं मला फार वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राला फेरफारांच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिलेला आहेच. कंपनीनेच त्या बॉडीवर दिलेलं इंजिन, ब्रेक आणि गिअरबॉक्ससकट, एआरएआयसारख्या संस्थेकडून एकदा तपासून घेतलं तर अँबेसेडर आणि जिप्सीवाल्यांचा प्रश्न सुटेल.

आधीच मोठं इंजिन बसवलेली गाडी मिळतेय. घेऊ का?

पैसे देण्याआधी तीन कागद शेजारी ठेवा : आरसी, इंजिनाची पेन्सिल प्रिंट आणि परिवहन पोर्टलवरची नोंद. तिन्हींत नंबर जुळला आणि आरसी व पोर्टलवरचं सीसी आणि इंधन बसवलेल्या इंजिनाशी जुळलं तर ती जुनी, रीतसर नोंद आहे. नोंदीची तारीख २००० च्या आधीची असेल तर मूळ मंजुरीची प्रतही मागून घ्या, नूतनीकरणाला कामी येते. जुळलं नाही, तर मालकाला मूळ इंजिनाबद्दल विचारा. पुष्कळदा ते त्यांच्याच परड्यात, गोठ्यात किंवा जुन्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. ते गाडीबरोबर मिळत असेल तर इंजिनकामाचा खर्च धरून भाव ठरवा, मूळ इंजिन परत बसवा आणि मगच गाडी नावावर करायला न्या. ते मिळत नसेल तर ती गाडी सोडा.